मुका मार : शाळा, आपले मूल आणि गुरुजी

मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी दोन दिवसांचे एक शिबिर झाले. विषय होता, मानसिक आघात झालेला विद्यार्थी आणि शिक्षकाची भूमिका. शहरातून आलेल्या बाई तळमळीने बोलल्या. भूकंप, युद्ध, अपघात, घरातली मारझोड, लैंगिक अत्याचार अशी आघाताची कारणे त्यांनी पडद्यावर एकामागून एक दाखवली. आम्ही वह्यांत उतरवून घेतली. दोन दिवसांत 'जात' हा शब्द मात्र एकदाही उच्चारला गेला नाही. मीही विचारले नाही. इतिहास शिकवणारी मी, आणि ऐन वेळी गप्प बसायची सवय मलाही आहेच.

घरी येऊन बाबांना सांगितले. बाबा सहावीत शाळा सुटलेला माणूस. म्हणाले, "म्हंजी मुका मारच की. वरून काय दिसत न्हाई, आतून ठणकत ऱ्हातं."

शिबिरात ऐकलेल्या सगळ्या संज्ञांपेक्षा मला हा शब्द नेमका वाटला, म्हणून तोच घेऊन हा लेख लिहीत आहे. महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आपल्याला शिकवला जातो तो पहिली शाळा, पहिला पदवीधर, शिष्यवृत्तीचा ठराव आणि वसतिगृहांची संख्या या क्रमाने. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण वर्गाच्या आत बसलेल्या आपल्या मुलाच्या मनाचे काय झाले आणि समोर टेबलाशी बसलेल्या माणसाने त्या वेळी काय केले, या अंगाने तो फारसा लिहिला गेलेला नाही. वास्तविक पुरावा भरपूर आहे. तो आपल्याच माणसांनी लिहून ठेवला आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत धारदार पुरावा १८५५ चा. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढे महारमांगांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी. वय चौदाच्या आसपास, शाळेत येऊन झालेली वर्षे तीन. मांगमहारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला. जयंतीच्या व्याख्यानांत आपण या निबंधातला धर्माविषयीचा रोकडा सवाल नेहमी सांगतो. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असे या पोरीने देवालाच विचारले. तो सवाल मोठाच आहे. पण शिक्षिका म्हणून मी अडखळते ती दुसऱ्या एका ठिकाणी. मुक्ता सांगते की ब्राह्मणांच्या पोरांनी दगड मारून आमच्या मुलांना रक्तबंबाळ केले तरी आमची माणसे तक्रारीला जात नाहीत, कारण उद्या त्यांच्याच दारी उष्टे मागायला जायचे असते.

हे वाक्य वाचताना वर्गातली कितीतरी गप्प मुले माझ्या डोळ्यांसमोर येतात. मूल बोलत नाही याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, 'बुजरा आहे' म्हणतो. मुक्ताने १७० वर्षांपूर्वी ते कारण भाकरीत दाखवून दिले. ज्याच्या दारी संध्याकाळी जायचे आहे त्याच्या मुलाविरुद्ध सकाळी तोंड कसे उघडायचे? मराठवाड्यातल्या सालगड्याच्या पोरालाही हा हिशेब कळतो. तो त्याला कुणी शिकवावा लागत नाही.

दुसरे असे की हा निबंध ज्या वर्गातून आला तो कसला वर्ग होता हे पाहिले पाहिजे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांगमहारांची डोकी चेंडूसारखी कशी उडवली, इमारतींच्या पायात माणसे तेलशेंदूर पाजून कशी गाडली, आमच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना कशा बाळंत होतात, हे सगळे या मुलीने आपल्या घरच्या बोलण्यातून उचलले असणार. म्हणजे आजाआजींचा मुका मार तिच्या अंगावर आलेला होता. तो तिने वहीत उतरवला, कारण ऐकणाऱ्या बाईही रोज मार खाऊनच शाळेत येत होत्या. सावित्रीबाईंवर वाटेत शेणमाती पडे, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. आपण ते सावित्रीबाईंच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो. पण वर्गात बसलेल्या मुक्ताच्या बाजूने विचार करा. आपल्याला दगड मारतात, बाईंनाही मारतात, आणि बाई लुगडे बदलून शिकवायला उभ्या राहतात. त्या मुलीला आपले दुःख आधी समजावून सांगावे लागले नसेल. सरळ निबंधच लिहिता आला.

पुढच्याच वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने न्याय त्याच्या बाजूने असल्याचे मान्य केले आणि प्रवेश नाकारला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, हा युक्तिवाद. सरकारी भाषेतील ही पहिली मोठी कबुली म्हणता येईल की चूक कोणाची हे ठाऊक आहे, पण शिक्षा तुलाच होईल. तिच्या आवृत्त्या आजही निघतात. छळ झालेल्या मुलीलाच 'तू दुसऱ्या तुकडीत जा' असे सांगणारे मुख्याध्यापक मी पाहिले आहेत.

१८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. उपाशी पोरांना आधी जेवू घातले. जोतीरावांना आणि सावित्रीबाईंना हा क्रम कळत होता. पुढे प्लेगमध्ये, १८९७ साली, मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून यशवंताच्या दवाखान्यात आणले आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या.

इथे एका वादाचा उल्लेख करणे भाग आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी जिथे महारमांगांची वस्ती मोठी आहे तिथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा मागितल्या, कारण इतर मुलांबरोबर त्यांना बसूच देत नसत. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अशा स्वतंत्र शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. आपले कार्यकर्ते यातला एक बरोबर आणि दुसरा मागासलेला अशी विभागणी करतात. मला ती पटत नाही. मार खाल्लेल्या मुलाला आधी एक जागा लागते जिथे पुन्हा मार बसणार नाही. तशी जागा मिळाल्यावरच त्याला सर्वांत आणून बसवता येते, आणि बसवायचे तर हुकूम हातात असलेल्या माणसाने मागे उभे राहावे लागते. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा हुकूम काढला, हे विसरता कामा नये. 'सगळी मुले सारखी' असे म्हणून पहिल्याच दिवशी पोराला दगड मारणाऱ्याच्या शेजारी बसवणे याला मी समता म्हणणार नाही.

आता सातारा. बाबासाहेबांचे गोणपाट आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. घरून आणायचे, वर्गात वेगळे टाकायचे, संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. शिपाई नसला तर पाणी नाही. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सारे नोंदवले आहे. पण त्याच लिखाणात गोरेगावच्या प्रवासाची हकिकत आहे, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची. १९०१ साल. वडील गोरेगावला खजिनदार. मुले नवे कपडे घालून, हौसेने आगगाडीने मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करीत होता, जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना, तो बाजूने चालला. जवळ खायला होते, प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्र तशीच काढली. बाबासाहेब सांगतात की आपण अस्पृश्य आहोत हे या प्रवासाआधीही त्यांना माहीत होते, वेगळे बसणे नित्याचे होऊन गेले होते. या प्रवासाने मात्र असा धक्का दिला की त्यावर विचार करणे भाग पडले.

हा धक्का शब्द त्यांचाच आहे. तज्ज्ञ मंडळींनी बालमनावरील आघाताचे शास्त्र मांडण्याच्या कितीतरी आधी नऊ वर्षांच्या मुलाचा अनुभव त्यांनी इतक्या नेमकेपणाने उलगडून ठेवला. रोजचा अपमान मुलाच्या अंगवळणी पडतो, म्हणजे तो दुखायचा थांबतो असे नाही. एखाद्या दिवशी, नवे कपडे घातलेले असताना, तो सगळा एकदम वर येतो.

त्याच साताऱ्यात दोन शिक्षक होते. आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या जेवणातले काही भीमरावाला देत. देत म्हणजे वरून त्याच्या हातात टाकीत, शिवत नसत. बाबासाहेबांनी पुढे या गुरुजींची आठवण कृतज्ञतेनेच काढली. दुसरे पेंडसे गुरुजी. पावसात चिंब होऊन आलेल्या भीमरावाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर स्वतःच्या घरी पाठवले, गरम पाण्याने अंघोळ घालायला आणि ओले कपडे वाळवायला सांगितले.

या दोन गोष्टींवर मी पुष्कळ विचार केला आहे. विद्यार्थीदशेत वरून टाकलेल्या भाकरीचा मला संताप यायचा. आजही येतो. दयेतसुद्धा अंतर राखणारी ही संस्कृती! पण शिक्षकी पेशात काही वर्षे गेल्यावर दुसरी बाजूही दिसू लागली. सबंध शाळेत एका मोठ्या माणसाला आपली भूक दिसते, आणि ती रोज, त्याच वेळी, न चुकता दिसते, याचा त्या मुलाला केवढा आधार वाटला असेल! त्या गुरुजींना रूढी मोडता आली नाही. पेंडशांना निदान त्या दिवशी आली. मुलाने दोघांनाही आयुष्यभर लक्षात ठेवले. शिक्षकाने सगळे जग बदलल्याशिवाय काही करूच नये, असा जो एक आळशी क्रांतिकारकपणा आपल्यात बोकाळला आहे, त्याला हे उत्तर आहे. आणि थोडे केले की झाले, असे मानणाऱ्यांना वरून पडणारी भाकरी हे उत्तर आहे.

पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव फळ्याकडे निघताच मुलांनी फळ्यामागचे डबे धावत जाऊन उचलले. संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. हे सर्व चरित्रांत आहे, तपशील देत नाही.

मला भांडायचे आहे ते या गोष्टी आपण कशा सांगतो यावर. दरवर्षी १४ एप्रिलला व्यासपीठावरून सांगितले जाते : बघा, गोणपाटावर बसले, तहानलेले राहिले, म्हणून एवढे मोठे झाले, तुम्हाला तर बाक आहे, पंखा आहे, शिष्यवृत्ती आहे, मग तुम्ही का मागे? समोर बसलेल्या मुलांत कोणाच्या घरावर गेल्या महिन्यात बहिष्कार पडलेला असतो, कोणाच्या बहिणीचे प्रकरण पोलीस ठाण्यात दाबलेले असते. त्याला यातून एवढेच कळते की आपल्याला झेपत नाही, म्हणजे आपणच कमी आहोत. त्या काळात गोणपाटावर बसलेली पोरे हजारोंनी असतील. बाबासाहेब एक झाले. बाकीची कुठे गेली? ती गिरण्यांत, रेल्वेत, पलटणीत, गावच्या तराळकीत गेली आणि बरीचशी दारूतही गेली. दुःख सोसल्याने माणूस मोठा होतो हा वरच्यांच्या पुराणांतला विचार आहे, तो आपण कशाला डोक्यावर घ्यायचा? बाबासाहेब मोठे झाले ते त्या धक्क्याला न जुमानता. त्यामागे रामजी सुभेदारांसारखा पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप होता, पुस्तके होती, सयाजीरावांची शिष्यवृत्ती होती. आणि बुद्धी असली म्हणजे मार लागत नाही असेही नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवन संपवले. तो संशोधक विद्यार्थी होता.

आपली आत्मकथने या बाबतीत चरित्रांपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत. 'बलुतं' १९७८ चे, 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, 'उपरा' १९८० चे, 'अक्करमाशी' १९८४ चे. समीक्षकांनी त्यांत वास्तववाद, भाषा, विद्रोह पाहिला. एखाद्या शिक्षणशास्त्र विद्यालयाने ही पुस्तके बालमनाची साक्ष म्हणून अभ्यासक्रमात लावावीत असे मला फार दिवस वाटते. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' तर स्वतः शिक्षिका झालेल्या बाईची आहे. शाळेत कोण कसे हाक मारीत होते, पाणी कुठून मिळत होते, कोणत्या गुरुजींनी काय म्हटले, हे या लेखकांना तीसतीस वर्षांनंतर जसेच्या तसे आठवते. गुरुजी विसरून गेलेले असतात.

बाबांना असाच एक दिवस आठवतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना मारले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. हे सर्व आपण जाणतो. बाबा तेव्हा बारा वर्षांचे, गावच्या शाळेत सहावीत. वस्ती पेटली त्या रात्री आजी त्यांना आणि धाकट्या आत्याला घेऊन ज्वारीत दडून राहिली. नंतर तालुक्याला आजोळी तीन आठवडे. परत आले तेव्हा पाटी, पुस्तके, सदरा सगळ्याची राख. तरी बाबा शाळेत गेले. हे मला नेहमी नवलाचे वाटते, की तरी गेले. हजेरी सुरू झाली. आपले नाव कधी येते म्हणून ऐकत राहिले. शेवटचे नाव झाले, गुरुजींनी हजेरीपट मिटला. सलग गैरहजर म्हणून नाव कमी केलेले होते. बाबा म्हणतात, "गुरुजीनं वर मान करून बघितलं बी न्हाई. मी आपला बसून ऱ्हायलो. दुसऱ्या दिशी बी गेलो. तिसऱ्या दिशी बी ऐकलं शेवटपसतोर. मंग न्हाई गेलो." ज्यांच्या घरची माणसे मशाली घेऊन आली होती त्यांची पोरे त्याच वर्गात बसलेली. नाव पुन्हा घालायला वडिलांना घेऊन ये, असा निरोप नंतर आला. आजोबा त्या आळीतून जायला तयार नव्हते.

बाबांचा आतेभाऊ दुसऱ्या गावचा. त्याचीही वस्ती जळाली, तीही माणसे तालुक्याला आलेली. त्याच्या शाळेतले गुरुजी चौथ्या-पाचव्या दिवशी सायकलवर हजेरीपट घेऊन तिथे आले. लिंबाखाली मुलांना बसवून नावे घेतली, 'हजर' लावले, पाढे म्हणून घेतले आणि गेले. दोनदा की तीनदा आले म्हणे. शाळेत परत गेल्यावर काय झाले ते एकदाही विचारले नाही. वर्गाला मात्र पहिल्याच दिवशी बजावले की झाले ते सर्वांना माहीत आहे, या खोलीत कोणी कोणाला त्यावरून बोलणार नाही, बोलला तर गाठ माझ्याशी. आमच्या पोरांना कुठे बसायचे ते त्यांनी त्यांनाच ठरवू दिले, तर सगळी दाराशी बसली. महिनाभर दाराशीच. काका पुढे प्राथमिक शिक्षक होऊन निवृत्त झाले.

दोन मुलांवरून सिद्धान्त काढू नये, एवढे माझ्या विषयाने मला शिकवले आहे. काकांच्या घरी थोडी जमीन होती, बाबांच्या घरी नव्हती, तोही फरक असेल. तरी त्या हजेरीपटाचे काय करायचे?

आघाताचे आधुनिक शास्त्र सांगते ते या सायकलवाल्या गुरुजींना न वाचता कळले होते. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या ताणविकाराला आपल्या निदानसूचीत जागा दिली, तीही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न पेटल्यावर. १९९८ मध्ये फेलिट्टी आणि अँडा यांनी हजारो प्रौढांच्या पाहणीतून दाखवले की बालपणी जितक्या प्रकारची संकटे अधिक, तितका पुढे आजारांचा धोका अधिक. धोक्यात वाढलेल्या मुलाचे शरीर पहाऱ्यावर असते. बाक सरकल्याचा आवाज झाला तरी ते दचकते. रात्री झोप नाही, म्हणून दिवसा डुलक्या. कान दाराकडे, म्हणून फळ्यावरचे काही डोक्यात शिरत नाही, काल पाठ झालेले आज आठवत नाही. आपल्या प्रगतिपुस्तकांत याची नावे ठरलेली आहेत : ढ, लक्ष नाही, उद्धट, घरी अभ्यास घेत नाहीत.

पण या शास्त्रालाही एक मर्यादा आहे. १९९८ ची ती यादी घराच्या चार भिंतींतील संकटांची होती. गावाने मिळून केलेली इजा तिच्यात नव्हती. 'आघातानंतर' हा शब्दच घ्या. जातीच्या बाबतीत नंतर कधी येते? भूकंप होऊन जातो. आमचे मूल उद्या त्याच रस्त्याने, त्याच घरांसमोरून शाळेत जाणार असते. म्हणून वर्गात त्याला नुसता धीर देऊन भागत नाही. वर्गातून होणारा मार थांबवणे हे शिक्षकाचे पहिले काम, कारण तेवढा तरी त्याच्या हातात असतो. माझ्या शाळेत दर जूनमध्ये कारकून दारात उभा राहून 'बी.सी. सवलतीवाले उभे राहा' म्हणायचा. आम्ही सात-आठ जण उभे राहायचो, बाकीचे वळून बघायचे. दहा वर्षे हे चालले, आणि दहा वर्षांत एकाही शिक्षकाला त्यात काही वावगे वाटले नाही. आता मी माझ्या वर्गात शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख सगळ्यांना सांगते आणि ज्याचे त्याला एकटे गाठून विचारते. आडनावावरून 'कुठले?' असे विचारणे मी स्वतःही बंद केले आहे, आपलेपणाने विचारायची ऊर्मी आली तरी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. त्या दुसऱ्या शब्दात जातीवरून मारलेला टोमणा येतो, हे शाळांत कोणी वाचून दाखवीत नाही. मुलीने अत्याचार झाल्याचे सांगितले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे, तिथे 'गावात बोभाटा नको' म्हणणारा शिक्षक स्वतः गुन्हेगार ठरतो. आणि आपण डॉक्टर नाही हेही ध्यानात ठेवावे. मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक मी फळ्याच्या कडेला लिहून ठेवते. कोणी उतरवून घेताना दिसू नये म्हणून मुद्दाम सगळ्यांकडून लिहून घेते.

हे सगळे मला आधीपासून येत होते असे नाही. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जे झाले, त्यानंतर बंद उठून महाविद्यालय उघडले. मला नोकरीत दुसरे वर्ष. डोक्यात मुक्ता साळवे. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी सांगितले, या दिवसांत तुम्ही काय पाहिले, काय वाटले ते लिहा आणि वाचून दाखवा. फार मोठे काही करते आहे असे मला वाटत होते. एक मुलगी घरच्यांबरोबर कोरेगावला गेलेली, त्यांच्या गाडीवर दगड आले होते. ती वाचायला उभी राहिली. तीन ओळी वाचल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी घसा खाकरला, हसला नाही, नुसता खाकरला. ती थांबली, कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गाबाहेर गेली. पुढे तीन आठवडे आली नाही.

मुक्ताने दगड मारणाऱ्यांच्या पोरांसमोर उभे राहून निबंध वाचला नव्हता, एवढी साधी गोष्ट मी ध्यानात घेतली नव्हती. तिच्या मागे दोन माणसे उभी होती, समोर तिच्यासारखीच मुले होती, आणि छापायला दिला तो निबंध पुरा झाल्यावर. मी मात्र वर्गावर दोन आठवड्यांची ओळख असल्यासारखी गेले आणि पोरीची जखम सर्वांसमोर उघडी करायला लावली. विद्रोही साहित्याच्या नावाने आपण हे वारंवार करतो. संमेलनात कोवळ्या मुलामुलींना 'अनुभव सांगा' म्हणून उभे करतो, टाळ्या घेतो, आणि ती रात्री वसतिगृहात एकटी असतात.

तिच्या घरी जायचे मी टाळले, घरच्यांना काही सांगितलेले नसेल म्हणून. मैत्रिणीबरोबर चिठ्ठी पाठवली : ये तेव्हा ये, कुठेही बस, काही लिहायचे नाही, हजेरीचे मी बघते. हजेरीचे वाक्य लिहिताना मला बाबा आठवले. त्याच आठवड्यात वर्गाला खाकरण्याबद्दलही जे सांगायचे ते सांगितले, नाव न घेता. खाकरणारा मुलगा तासानंतर येऊन म्हणाला, "मॅडम, मी मुद्दाम नव्हतं केलं." केले असेल, नसेल. मी त्याला बसवून घेतले आणि त्याच्याही घरी त्या दिवसांत काय बोलले जात होते ते ऐकले. ते ऐकणे सोपे नव्हते.

फेब्रुवारीत ती आली. दाराजवळच्या बाकावर बसली. मी नाव घेतले, ती 'हजर' म्हणाली, पुढचे नाव घेतले. वर्ष संपेपर्यंत एवढेच.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर दाखला न्यायला आली तेव्हा विभागात डोकावली. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाले. जाताना म्हणाली, "मॅडम, तो कागद तुमच्याकडंच आहे का?"

म्हटले, आहे. देऊ का?

"नको. फाडू नका फक्त."

कागद माझ्या कपाटात, वरच्या खणात आहे. तीन ओळींच्या पुढचे मी वाचलेले नाही.